चीडचं जंगल कसं चालतं, आणि ते सत्तरीच्या डोंगरावर का लावू नये

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मे महिन्यात उत्तराखंडातल्या अल्मोडा-बिनसर भागात पाहिलेल्या चीडच्या, म्हणजे हिमालयातल्या लांब सुयांच्या पाइनच्या, जंगलात झाडांखाली जवळजवळ काहीच का नव्हतं? तिथले लोक म्हणतात तसा चीड डोंगरातलं पाणी पिऊन टाकतो का? आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला, साधारण सहाशे मीटर उंचीवरच्या तुमच्या जमिनीत पाइन लावले तर जगतील का? तिसऱ्याचं उत्तर आधीच देतो: लावू नका. पण का, ते पहिल्या दोन प्रश्नांत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आधी नावांचा घोळ मिटवायला हवा. गोव्यात ‘पाइन’ म्हणून बोट दाखवलं जातं ते बहुतेक वेळा किनाऱ्यावरच्या सुरूकडे. सुरूचा पाइनशी काही संबंध नाही. तो फुलं येणाऱ्या झाडांतला आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या, खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात. एक काडी दोन्ही हातांनी ओढली की सांध्यावर तुटते, तेवढी परीक्षा पुरे. अंगणात नाताळासाठी सजवतात तो अरोकेरियाही पाइन नव्हे. तो सूचिपर्णी आहे, पण दक्षिण गोलार्धातल्या वेगळ्या कुळातला. खऱ्या पाइनच्या सुया झुबक्यात येतात आणि झुबक्याच्या बुडाशी पातळ आवरण असतं. चीडच्या झुबक्यात तीन सुया, प्रत्येकी २० ते ३० सेंटिमीटर लांब. त्याच डोंगरात आणखी वर गेलात की कैल हा दुसरा पाइन लागतो, त्याच्या झुबक्यात पाच. जंगलात गेल्यावर पहिल्यांदा खाली पडलेला झुबका उचलून सुया मोजाव्यात.

चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनप्रकारांचं जे वर्गीकरण केलं, त्यात उपोष्ण पाइन वनं हा नववा गट आहे. त्यात हिमालयातलं चीडवन आणि ईशान्येकडचं खासी पाइनचं वन असे दोन मुख्य भाग. चीडवनाचे पुन्हा दोन उपप्रकार: शिवालिकांतलं खालचं आणि मुख्य हिमालयातलं वरचं. तुम्ही पाहिलंत ते वरचं. चीड साधारण ४५० मीटरपासून २३०० मीटरपर्यंत सापडतो, पण त्याचं खरं राज्य ९०० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात. खाली सालवृक्ष त्याला भिडतो, वर बांज म्हणजे तिथला ओक.

उंचीपेक्षाही उताराचं तोंड महत्त्वाचं. एकाच दरीत उभं राहून पाहिलं तर दक्षिणेकडे तोंड केलेल्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या उतारावर चीड, आणि समोरच्या उत्तराभिमुख, ओलसर उतारावर बांज, बुरांश, काफल अशी रुंद पानांची झाडं, असं चित्र दिसतं. चीडला ऊन लागतं, सावली अजिबात सोसत नाही. पण माती कसलीही चालते: वालुकाश्म, क्वार्ट्झाइट, नुसता दगडगोटा, कड्याच्या भेगेतली मूठभर माती. पाऊस हजार ते दोन हजार मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुढे कोरडी थंडी, आणि मार्च ते मध्य जून हा भाजून काढणारा काळ. या शेवटच्या तीन महिन्यांवर हे सगळं जंगल उभं आहे.

कसं ते पाहा. चीड सदाहरित असला तरी एप्रिल-मेमध्ये जुन्या सुया झपाट्याने गाळतो. कडक उन्हाळ्यात काही झाडं जवळजवळ उघडी दिसतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा काळ आणि सगळ्यात जास्त पाचोळा पडण्याचा काळ एकच. या पाचोळ्याला तिकडे पिरूल म्हणतात. सुई लांब, चिवट, राळेने भरलेली. ती आपल्या किंदळाच्या पानासारखी जमिनीला चिकटून बसत नाही. सुया एकमेकींवर आडव्यातिडव्या पडून मध्ये हवा खेळती राहते, आणि असं जळण ठिणगीलाही पुरतं. उतारावर ज्वाळा वरच्या सुयांना आधीच तापवत जातात, त्यामुळे आग चढाकडे वेगाने धावते. जळणारे शंकू मात्र उलट दिशेला घरंगळतात आणि विझवलेल्या पट्ट्याच्या खाली नवी आग लावतात. आग विझवणाऱ्यांना सर्वांत जास्त धोका याच दोन गोष्टींमुळे असतो. बिनसर अभयारण्यात जून २०२४ मध्ये आग विझवायला गेलेले वन कर्मचारी दगावले. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरला जातो, आणि त्याची धग मुख्यतः चीडच्या पट्ट्यात असते.

मोठा चीड अशा आगीतून सहसा वाचतो. खोडाची साल जाड आणि चिरांनी भरलेली. बाहेरून कोळसा झाली तरी आतला जिवंत थर तापत नाही. शेंडा उंच असल्याने जमिनीवरून जाणारी आग तिथवर पोहोचत नाही. लहान रोप जळतं, पण त्याच्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पाइनमध्ये हा गुण दुर्मीळ आहे, आणि चीडला बांजावर मिळणारी आघाडी बरीचशी यातच आहे. पहिली काही वर्षं रोप गवतात दबून, जळून, परत फुटून मुळं बळकट करतं आणि मग एकदम उंची घेतं. खुरटं दिसणारं दोन फुटांचं रोप वयाने बरंच मोठं असू शकतं, म्हणून उंचीवरून चीडच्या रोपाचं वय काढू नये.

शंकू पिकायला दोन वर्षांच्या आसपास लागतात. उन्हाळ्यात ते उघडतात, पंख असलेली बी वाऱ्यावर जाते, जुलैच्या पावसात रुजते. एका किलोत साधारण दहा हजार बिया मावतात, म्हणजे बी पाइनच्या मानाने बऱ्यापैकी मोठी. तिला रुजायला उघडी माती हवी. जाड पिरुलावर पडलेली बी अंकुरते, पण मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधी पावसाची पहिली उघडीप आली की वाळते. म्हणून वनखात्याची जुनी पद्धत अशी: बीजोत्पादनासाठी हेक्टरी पंधरा-वीस उत्तम झाडं राखायची, बाकीची काढायची, आणि हिवाळ्यात, पाचोळ्यात थोडी ओल असताना, नियंत्रित आग लावून जमीन मोकळी करायची. वेळ चुकून हीच आग मे महिन्यात लागली तर पडलेली बी भाजून जाते. आग चीडला मदत करते असं सरसकट बोललं जातं, ते अर्धंच खरं. दहा वर्षांत एकदा, थंडीत लागलेली हलकी आग त्याला पोसते. दरवर्षी मे महिन्यात लागणारी आग त्याचीही नवी पिढी संपवते, आणि मग फक्त म्हातारी झाडं आणि गवत एवढंच उरतं.

आता झाडांखालच्या मोकळ्या जमिनीबद्दल. चीड जमिनीत विष सोडतो असं ऐकायला मिळतं. माझ्या मते या कारणाला फार मोठं केलं गेलंय. त्याहून साधी आणि भक्कम कारणं समोर आहेत. सुयांत नत्र फार कमी आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा, हळू कुजणारा घटक, जास्त. त्या कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलंच नत्र स्वतःसाठी अडवून ठेवतात, त्यामुळे जास्त पोषण मागणाऱ्या बांजाच्या रोपाची उपासमार होते आणि कमी मागणारा चीड तगतो. त्यावर पाचोळ्याची जाडी, त्यावर आग, आणि त्यावर चराई. गुराखी कोवळ्या गवतासाठी आग लावतात. जळलेल्या जागी पहिल्या पावसात गवत लुसलुशीत येतं. यातली दोन कारणं माणसाच्या हातातली आहेत. आग आणि गुरं काही वर्षं बाहेर ठेवली की चीडच्या छायेतही झुडपं येतात: किल्मोडा, हिसालू, मेहल, अयार, आणि ओल असेल तिथे बांजाची रोपंही.

खालच्या चीडवनात नीट पाहिलं असतं तर तुम्हाला ओळखीची मंडळी भेटली असती. धायटी तिथे आहे, आवळा आहे, शेंद्री आहे, आणि उघड्या उतारांवर कपड्यांना चिकटणारं तेच कुसळी गवत आहे. उन्हात तापणारा, वारंवार जळणारा उतार हिमालयात असो की सत्तरीत, तो हीच झाडझुडपं निवडतो.

प्राण्यांच्या दृष्टीने बांजाच्या मानाने चीडवन गरीब. खोडावर शेवाळ-ऑर्किड कमी, फळं कमी, सावलीचे थर कमी. पण तुटक झाडी आणि मध्ये उंच गवत असलेला तीव्र उतार ही गोरल या डोंगरी बकरीसारख्या प्राण्याची जागा आहे, आणि चीर फेजंट या धोक्यात आलेल्या पक्ष्याचीही. गवत पार जाळलं की त्याचं घरटं जातं, आणि गवत काहीच न कापता झुडपांनी भरलं तरी तो निघून जातो.

चीड पाणी पितो का? प्रत्येक झाड पितं. तिथे नेमका उलटा क्रम लोकांना दिसतो. चीड मुळातच कोरड्या, उथळ मातीच्या उतारावर उगवतो, मग झरे नसण्याचं खापर त्याच्यावर फुटतं. बांजाचं जंगल जिथे होतं तिथे मात्र तक्रारीत तथ्य आहे. बांजाखाली पानं कुजून काळी, भुसभुशीत माती तयार होते, पाऊस तिच्यात मुरतो. चाऱ्यासाठी आणि जळणासाठी बांजाच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटल्या की छत विरळ होतं, ऊन जमिनीवर येतं, शेजारच्या उतारावरून चीडचं बी उडत येतं. पुढे पिरूल साचतो, जळतो, आणि राखेखालची उघडी माती पहिल्याच वळवात वाहून जाते. पाणी हरवतं ते मुख्यतः या मातीबरोबर. झरा वाचवायचा तर त्याच्या वरच्या पाणलोटात आग आणि छाटणी थांबवणं पहिलं. नुसते चीड तोडून तो परत येत नाही.

इतिहासाचाही यात हात आहे. ब्रिटिश काळात रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांसाठी चीडला जपलं गेलं, लोकांचे चाऱ्याचे हक्क आखडले. १९२१ मध्ये कुमाऊंत, म्हणजे अल्मोडा ज्यात येतं त्या भागात, लोकांनी रागाने जंगलं पेटवली, त्यात चीडची वनं प्रामुख्याने जळली. १९८१ मध्ये तिथे हजार मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. राळ काढणं चालू आहे. तिला तिकडे लीसा म्हणतात. खोडाची साल तासून, चरे पाडून, खाली भांडं लावतात. बारीक झाडाला लावलेली किंवा फार खोल गेलेली जखम भरत नाही. तिथलं लाकूड राळेने माखतं, पुढच्या आगीत तीच जागा मशालीसारखी पेटते, खोड पोखरतं आणि वादळात झाड बरोबर त्याच उंचीवर मोडतं. मोडलेली झाडं कमरेच्या आसपास तुटलेली दिसली तर कारण बहुधा हेच.

पुन्हा तिकडे गेलात तर एक उतार असा वाचून पाहा. होकायंत्राने उताराचं तोंड नोंदवा. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखा. खोडांवर काळेपणा किती उंचीपर्यंत चढलाय ते मोजा. चढाच्या बाजूला तो सहसा जास्त उंच असतो, कारण ज्वाळा खोडामागे वळसा घेऊन तिथे रेंगाळतात. पिरुलाची जाडी पाच ठिकाणी पट्टीने मोजा. एक-दोन सेंटिमीटरच असेल तर अलीकडे आग लागून गेली आहे. आठ-दहा असेल तर बरीच वर्षं लागलेली नाही, आणि लागेल तेव्हा मोठी लागेल. मग रोपं मोजा, चीडची वेगळी आणि रुंद पानांची वेगळी. चौकोनात मोठी झाडं भरपूर आणि रोप एकही नाही, असं निघालं तर ते जंगल वरून कितीही भव्य दिसो, त्याला वारस नाही. खोडं पिळवटलेली दिसली, साल दोरखंडासारखी तिरकी चढत गेलेली, तर उतार कोरडा, उघडा आणि फार त्रासलेला आहे असं समजा.

आता तुमच्या जमिनीकडे. आपल्या पश्चिम घाटात पाइन हा वंशच मूळचा नाही. तो उत्तर गोलार्धातला, आणि भारताचं द्वीपकल्प मोठा काळ दक्षिणेकडून सरकत वर आलं. दक्षिण भारतातला एकमेव मूळचा सूचिपर्णी, नागेया, रुंद पानांचा आहे आणि पार दक्षिणेच्या घाटांत राहतो. निलगिरी आणि कोडाईकनालची पाइनवनं लावलेली आहेत, तीही मुख्यतः मेक्सिकोहून आलेल्या पॅटुला जातीची, आणि ती चालतात कारण तिथली उंची दीड-दोन हजार मीटर आहे. गोव्याचं सर्वोच्च शिखर सोनसोगोड ११६६ मीटर. तुमची जागा त्याच्या निम्मी.

चीडची अडचण मातीच्या आंबटपणाची नाही. आपली जांभ्याची माती आंबट असली तरी पाइनला ती चालते. अडचण आहे ती पावसाची आणि बुरशीची. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने चिकट ओल, थंडीत कडाका नाही. अशा ठिकाणी मुळं कुजतात, सुयांवर करपा येतो. दुसरं, पाइनच्या मुळांना ठराविक बुरश्यांची सोबत लागते. बुरशी मुळाच्या टोकांवर म्यानासारखी चढते आणि स्फुरद मिळवून देते. हिमालयात ती मातीतच असते, तुमच्या डोंगरात या झाडाला हवी ती नसते. मग होतं असं की नर्सरीच्या पिशवीत रोप छान दिसतं, जमिनीत गेल्यावर दुसऱ्या वर्षी पिवळं पडतं आणि तिथेच थांबतं. जगभर उष्ण प्रदेशांतल्या पाइन लागवडी याच कारणाने सुरुवातीला फसल्या, आणि जुन्या पाइनवनातली माती आणून मिसळल्यावरच उठल्या. परकी माती सत्तरीत आणून टाकायचा विचारही नको.

आणि समजा जगले, तर? दमट हवेत वाढणाऱ्या काही उष्णकटिबंधीय पाइन जाती आहेत. पण पिरूल पडणार तो आपल्याही कोरड्या महिन्यांत, आणि मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह आपल्या डोंगरांत किती ठिकाणी आगी लागल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. काजूच्या बागेतला पाचोळा जाळून साफ करायची सवय आजूबाजूला आहेच. अशा जागी राळेच्या सुयांचा गालिचा घालणं शेजाऱ्यांवरही अन्याय आहे. निलगिरी डोंगरांत शोला, म्हणजे दऱ्यांतल्या दाट सदाहरित, जंगलांमधली गवताळ माळरानं पाइन, वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आणि निलगिरीच्या झाडांखाली गेली, आणि आता तीच झाडं काढायची मेहनत चालू आहे.

तुमच्या जागेवर काय करता येईल ते सांगतो. आधी पहार घेऊन दर वीस पावलांवर ठोकून पाहा. तीस सेंटिमीटरच्या आत जांभा लागला तर तिथे खड्डा खणू नका. तो सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठाराचा, भाग आहे. पावसाळ्यात त्यावर गेंद, सीतेची आसवं आणि कितीतरी अल्पायुषी फुलझाडं येतात, आणि त्यांना सावली म्हणजे मरण. तो तसाच राहू द्या. जागा खासगी वनात मोडते का, हेही वनखात्याकडे आधी तपासा.

खोल मातीच्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमीन मऊ असताना, रानमोडी हे तण मुळासकट उपटा; नोव्हेंबरपासून ती फुलते आणि मग उशीर झालेला असतो. त्याच फेरीत आपोआप आलेली रोपं आणि फुटवे आलेले खुंट शोधून काठी रोवून खुणा करा. बहुतेक पडीक डोंगरांवर ऐन, किंदळ, नाणा, जांभूळ असेच परत येत असतात आणि गवत कापताना आपणच ते छाटतो. ऐन म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष माट्टी. किंदळाची बी फार कमी उगवते, त्यामुळे असा एक जिवंत खुंट नर्सरीतल्या अनेक रोपांच्या मोलाचा. एका खुंटावर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा.

रिकाम्या जागा उरतील तिथेच लावा. ४५ सेंटिमीटरचे खड्डे मे महिन्यात, रोपं जूनच्या मध्यावर, माती हातभर भिजल्यावर. जांभूळ आणि भिरंड (कोकम) यांची बी वाळली की मरते, फळातून काढल्यावर पंधरा दिवसांच्या आत पेरा. हिरड्याची आठळी कठीण, ती हलकेच तडकवून लावावी लागते. वरच्या, वाऱ्याच्या कडेला अंजनी आणि पिसा ही झाडं हळू वाढतात, पण टिकतात. भिरंडीची बियांपासूनची निम्मी झाडं नर निघू शकतात आणि पहिली फुलं येईपर्यंत ते कळत नाही. फळ हवं असेल तर दोन-तीन कलमं मादी झाडाची घ्या.

आणि आगपट्टा. जानेवारी संपायच्या आत जागेच्या कडेने तीन-चार मीटर रुंद पट्टा कापून, पाचोळा आतल्या बाजूला ओढून झाडांच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर पसरा. तो जाळू नका, तेच तुमचं खत आहे. शेजारी काजू असेल तर त्याच्या बाजूचा पट्टा दुप्पट रुंद ठेवा, आणि तो बाग साफ करणार त्या दिवशी तिथे पाण्याचा पंप आणि दोन माणसं उभी असतील असं त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.